साडेसोळा इंच

"शालन सुतार!"

आतून हाक आली तशी माझ्या बायकोनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. पुढं वाकली, कमरेतून एक हिसका दिला, पण जागची हलली नाही. परत एकदा तसंच केलं. कपाळावर घाम आला आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

बाक सिमेंटचा होता, वर फरशी बसवलेली. उंची पंधरा इंच. मी सुतार माणूस, बसायची कुठलीही वस्तू दिसली की आधी डोळ्यानं मापतो. एरवी मी तिला दवाखान्याच्या फाटकातूनच चाकाच्या खुर्चीत घालून आणायचो आणि त्याच खुर्चीत डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं नेऊन लावायचो. त्या दिवशी एकही चाकाची खुर्ची मोकळी नव्हती. म्हणून हा बाक नशिबी आला.

"शालन सुतार आहेत का?"

"हाय, हाय! आलो!" मी ओरडलो. इकडंतिकडं बघितलं, तिच्या काखेत हात घातले आणि तिला उभी केली. हे काम मला सरावानं छान जमत होतं. बघणाऱ्याला वाटावं, नवरा नुसता आधाराला हात देतोय. सगळा भार मात्र माझ्या दंडावर असायचा.

"कुनी बघितलं का वं?" तिनं हळूच विचारलं.

"कोन बघतंय? चल."

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, तुळशीची लग्नं आटोपल्यानंतरची. आम्ही तासगावचे. आषाढात शालनला दुखणं लागलं. आधी वेणी घालायला हात वर जाईनात, मग चुलीपुढून उठता येईना, शेवटी अंथरुणावर कूस बदलायलाही दुसरं माणूस लागायला लागलं. मिरजेत तपासण्या झाल्या, मांडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. स्नायूंचा आजार निघाला. लाखात एखाद्याला होतो म्हणाले. नाव एवढं लांब होतं की मी ते आजवर एका दमात उच्चारलेलं नाही. आपल्याच अंगातली राखण करणारी फौज आपल्याच स्नायूंवर उलटते, असं तिथल्या डॉक्टर हळदणकर मॅडमनी मला समजावलं होतं. त्यांनी रोज सहा गोळ्या सुरू केल्या आणि महिन्याभरात शालन उठून बसली. श्रावणात ती माझ्या हातच्या खुर्चीतून एकटी उठली, तेव्हा मी आळीत पेढे वाटले होते.

त्यामुळं त्या गोळ्यांवर माझी श्रद्धा बसली. मधल्या एका खेपेला मॅडम गोळ्या कमी करू म्हणाल्या, तर मीच हात जोडले होते. "नको मॅडम. या गोळीनंच उठून बसलीया ती. राहू द्या अजून थोडे दिवस." त्यांनी जरा विचार केला आणि राहू दिल्या.

आम्ही आत गेलो. टेबलापुढची खुर्ची लाकडी होती, सतरा इंची. मी शालनला हळूच तिच्यात उतरवली आणि मागं उभा राहिलो. हळदणकर मॅडम म्हणजे चाळिशीची बाई, बारीक चणीची, चष्मा केसांत खोचलेला. बाहेर साठ पेशंट बसलेले. स्नायू किती झिजतायत ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट त्यांनी उघडला आणि चेहरा खुलला.

"अरे वा, शालनताई! चार हजारांवरून सुरुवात केली होती आपण. आज एकशे चाळीस! अगदी नॉर्मल. कसं वाटतंय?"

"बरं हाय," शालन म्हणाली.

"हात दाबा बघू माझा. जोरात. छान. जेवण?"

"जेवते की," मी म्हणालो.

"झोप?"

"झोपते."

"खुर्चीतून उठता येतं ना आपापलं?"

शालननं तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, "येतं की मॅडम. रोज उठते."

खोटं नव्हतं ते, निदान मला तसं वाटत होतं. घरच्या खुर्चीतून ती रोज उठत होती.

त्या घरच्या खुर्चीचं सांगायला हवं. सागवानी खुर्ची, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः केलेली. खिळा एक नाही, सगळी कुसात, लाकडात लाकूड बसवलेली. बैठकीची उंची साडेसोळा इंच. श्रावणात शालन याच खुर्चीतून उठली होती. मग गणपतीच्या आधी एकदा ती उठताना अडली. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा कशीबशी उठली, आणि मला तिचा चेहरा बघवेना. त्याच दुपारी मी खुर्चीच्या चारी पायांखाली ठोकळे लावले. सहा सूत उंचीचे. आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे पाऊण इंच. संध्याकाळी ती सरळ उठली. मला एवढा आनंद झाला की विचारू नका. आपल्या हातात कसब आहे आणि ते आपल्या माणसाच्या कामी आलं, याहून सुताराला आणखी काय हवं?

घट बसले तेव्हा मी अजून सहा सूत वाढवले. कोजागरीला एक इंच. वसुबारसेला आणखी एक इंच.

आणि तेवढ्यात तिचं अंग भरलं होतं. गाल वर आले, चेहरा गोल झाला. आळीतल्या बायका येऊन म्हणायच्या, "शालनकाकू, तब्येत सुधारली बगा तुमची!" आपल्याकडं माणूस जाड झालं की तब्येत सुधारली, आणि वाळलं की बिघडली. मीही तेच धरून चाललो होतो. ते गाल गोळ्यांनी फुगले होते हे मला कोण सांगणार?

भाऊबीजेला वैजू आली, आमची एकुलती एक. विट्याला दिलेली, शाळेत शिकवते. जिभेला हाड नसलेली पोर. आली ती पिशव्या टाकून आईच्या खुर्चीत बसली. खाली बघायला लागली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"आप्पा, ही खुर्ची अशी काय?"

"आईला उठायला सोपं पडतं."

ती उठली आणि खुर्ची आडवी करून पायांच्या खालची बाजू बघत बसली. सागाच्या पायाखाली एक पट्टी कडुनिंबाची होती, एक बाभळीची, दोन पुन्हा सागाच्या. हाताशी जे सापडलं ते मी लावत गेलो होतो.

"चार थर हायेत. एकदम न्हाई लावले तुम्ही."

"कारागिराला त्याच्या कामाचं विचारू नये."

"आई, जरा सोप्यातल्या खुर्चीत बस आणि उठून दाव मला."

"आज न्हाई गं, दमलेय," शालन म्हणाली.

"एकदाच."

"दमलीया म्हनली न्हवं?" मी असा ओरडलो की शेजारची म्हातारी दारात आली. "आल्या आल्या परीक्षा घेतीस व्हय आईची? मास्तरीन असशील ती शाळेत!"

वैजू रडली नाही. ती माझ्याजवळ आली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आप्पा, डॉक्टरांना ह्ये सांगितलंय का?"

"रिपोर्ट चांगला येतोय. आकडा दर खेपेला खाली येतोय. डॉक्टरला काय कळत न्हाई व्हय?"

"डॉक्टरांना खुर्ची कुठं दिसतीया?"

मी उठून कामावर गेलो. दोन दिवसांनी ती सासरी गेली. जाताना म्हणाली, "मला रजा मिळणार न्हाई. तुम्हीच सांगा. सांगनार का?" मी पिशवी रिक्षात ठेवली आणि रिक्षावाल्याला चल म्हणालो.

आणि आठवड्यानं, तुळशीच्या लग्नादिवशी, मी पाचवा थर लावला. आणखी एक इंच. वैजूनं तोंडावर विचारल्यानंतरही लावला. या गोष्टीची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

तर मॅडमनी कागद पुढं ओढला. "मग याच गोळ्या चालू ठेवू. तीन महिन्यांनी या, तेव्हा हळूहळू उतरवायला लागू." पेन चालायला लागलं. मी टेबलापलीकडून बघत होतो. सहा गोळ्या, सकाळी, जेवणानंतर. पुढं तीनचा आकडा पडला.

तीन महिने. मी मनात हिशेब केला. या चालीनं तीन महिन्यांत खुर्ची पंचवीस इंचांवर जाईल. पंचवीस इंच म्हणजे खुर्ची राहत नाही, ते टेबल होतं. आणि त्यानंतर? सांगावं तर बाई म्हणणार, इतके दिवस का बोलला नाहीत. बोलू नये तर शालन माझ्यासमोर अशी एकेक इंच जाणार, आणि तिला घालवायला ठोकळे मीच कापून देणार. बाहेर नर्सनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मॅडमनी कागद फाडला आणि माझ्यापुढं धरला.

"मॅडम," मी म्हणालो, "खुर्ची एकवीस इंच झालीया."

"कुठली खुर्ची?"

"हिची. घरची."

त्यांना काहीच कळलं नाही. पुढचा पेशंट दारात येऊन उभा राहिला होता. मी कागद घेतला नाही, तसाच बोलत सुटलो. "साडेसोळाची हुती. श्रावणात हिला तिच्यातनं उठता येत हुतं. गणपतीत येईना म्हनून मी सव्वासतरा केली. घट बसले तवा अठरा. कोजागरीला एकोणीस. वसुबारसेला वीस. आणि परवा तुळशीच्या लग्नाला एकवीस. माप चुकणार न्हाई मॅडम, माझा धंदाच हाय त्यो. मी खोटं न्हाई बोललो, ती उठते. पण खुर्ची मी वाढवतोय."

मॅडमनी दारातल्या पेशंटला हातानं थांबवलं. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"परत सांगा. सावकाश."

मी परत सांगितलं. त्यांनी एका बाजूला माझे आकडे लिहिले आणि त्यांच्यासमोर रक्ताच्या रिपोर्टचे जुने आकडे. एका बाजूला माप चढत होतं, दुसऱ्या बाजूला आकडा उतरत होता. त्यांनी दोन्ही रांगांवरून पेनाचं टोक फिरवलं. मग उठून शालनजवळ आल्या.

"शालनताई, हात छातीशी घ्या आणि उठा. मेस्त्री, तुम्ही मागं सरा."

मी सरलो नाही. माझे हात तिच्या काखेशी गेलेच होते.

"मागं," मॅडम म्हणाल्या.

शालननं हात छातीशी घेतले आणि अंग पुढं टाकलं. मांड्या थरथरल्या. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि सतरा इंचांच्या त्या खुर्चीतून तिला बोटभरसुद्धा वर येता आलं नाही. पाच महिन्यांत मी तिला एकदाही असं पूर्ण हरताना बघितलं नव्हतं. हरायच्या आधीच मी हात घालायचो.

"तीन खेपा मी यांचे हात दाबून बघत होते," मॅडम म्हणाल्या, माझ्यापेक्षा स्वतःलाच. "आणि एकदाही उठवून बघितलं नाही. चाकाच्या खुर्चीत बसून येत होत्या, मी तशाच जाऊ देत होते."

मग त्यांनी तिला पलंगावर घेतलं. मान उचलायला लावली, ती उचलली. घोटा दाबून बघितला, तो चांगला होता. मांडीपाशी मात्र त्यांच्या दोन बोटांच्या जोरापुढं तिचा पाय खाली बसला. सुया टोचून करायची तपासणी त्याच दुपारी करून घेतली. संध्याकाळी चारला पुन्हा आम्हाला आत बोलावलं.

"आजार शांत आहे," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट खरा आहे आणि तुमची खुर्चीही खरी आहे. आजार शांत असताना ताकद जातेय, तेव्हा आता गोळीच स्नायू खातेय. ज्या गोळीनं वाचवलं तीच. जास्त दिवस जास्त घेतली की असं होऊ शकतं."

"मग आजच बंद करतो!" मी खिशातली पाकिटं काढली. तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकणार होतो.

"थांबा!" त्या एवढ्या मोठ्यानं कधी बोलत नसत. "एकदम बंद केलीत तर जिवावर बेतेल. या गोळीतलं स्टिरॉइड आपलं अंगही बनवत असतं; इतके दिवस बाहेरून मिळाल्यामुळं अंगानं ते बनवायचं सोडलंय. आपण थोडी थोडी उतरवायची, मी लिहून देते तशीच. आणि आजार परत उठू नये म्हणून दुसरं औषध जोडायचं."

मी पाकिटं खिशात घातली. "मॅडम, मी आधी सांगितलं असतं तर?"

त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना मानतो. "आधी बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. नुसतंच 'ताकद कमी झालीय' म्हणाला असतात, तर मला वाटलं असतं आजार उसळला, आणि मी कदाचित गोळ्या वाढवल्या असत्या. तुम्ही तारखेवार मापं दिलीत. आता घरी जाऊन ते ठोकळे काढा. दर रविवारी खरी उंची मोजायची. फळ्या रचा, शालनताई कुठल्या उंचीवरून उठतात ते लिहा, आणि मला आणून दाखवा."

बाहेर आल्यावर मी शालनला पोर्चमधल्या उंच कठड्याला टेकवून उभी केली आणि चहा आणला. मग ती म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

"काय?"

"खुर्चीचं. दुपारी तुमची करवत चालली की मला कळायचं. रोजच्या कामाचा आवाज लांबलचक असतोय. चार बारके तुकडे कापले की समजायची, आज माझं अजून थोडं गेलं."

कप माझ्या हातातच राहिला. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी का न्हाई बोलला?"

मी कप कठड्यावर ठेवला.

"मी उठले की तुमी हसायचा," ती म्हणाली. "अख्ख्या दिसात तेवढंच हसायचा. म्हनून मी पन गप बसले." आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ती माझ्यावर चिडली. "मी त्या खुर्चीतनं उठत नव्हते वं! उतरत हुते! पाय लोंबकाळणारी बाई नुसती घसरून खाली येती, तिला उठनं म्हंत्यात व्हय?"

चार लोकांसमोर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसायला हात उचलला, तो खांद्यापर्यंतच आला, म्हणून मीच खाली वाकलो.

घरी येऊन मी ठोकळे उतरवले. पहिल्या रविवारी बैठकीवर फळ्या रचून मापलं. वीस इंच आणि सात सूत. दुसऱ्या रविवारीही तेवढंच. तिसऱ्या रविवारी एकवीसच्या वर गेलं आणि रात्रभर आम्हा दोघांचा डोळा लागला नाही. मी मिरजेला फोन केला. मॅडम म्हणाल्या, धीर धरा, लगेच फरक पडत नाही, गोळी सांगितली तशीच उतरवा. फोन ठेवताना माझा त्यांच्यावर विश्वास होता असं म्हणालो तर ते खोटं होईल.

त्यात माझं दुसरंच दुखणं होतं. ती उठायला लागली की माझे हात आपोआप पुढं जायचे. कितीदा ठरवलं, हात मागं बांधून उभा राहिलो, तरी ती अडली की मी पोचलेलाच. असं मापलेलं खरं कसं धरायचं? शेवटी शालननंच सांगितलं, "तुमी भाईर जावा. पडाय लागले तर पलंग हाय समोर धरायला. मी हाक मारते."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी फळ्या रचायचो, तिला बसवायचो आणि दार ओढून घेऊन बाहेर उभा राहायचो. आतून खुर्ची करकरायची. तिचा श्वास ऐकू यायचा, मग एक कण्हल्यासारखा आवाज, मग काही नाही. तेवढ्या वेळात मी दाराची चौकट नखानं खरवडत राहायचो. मग हाक यायची, "या आत." आत गेलो की ती बसलेलीच. "न्हाई झालं. लिवा." मी एक फळी वर चढवायचो आणि पुन्हा बाहेर यायचो.

संक्रांतीनंतर मापं उतरायला लागली. सूत, दोन सूत, कधी एकदम अर्धा इंच. एका रविवारी काहीच नाही. मी वैजूला कळवायचो, आणि ती फोनवर एकच विचारायची, "तुम्ही बाहेर हुता ना?"

पाडव्याच्या आधीचा रविवार होता. शालन म्हणाली, "आज एक बी फळी ठेवू नका."

"अगं, गेल्या खेपेला पावणेअठरा हुतं. एकदम एवढं कशाला? दोन ठेवतो."

"एक बी न्हाई म्हनलं न्हवं?"

मी रिकाम्या खुर्चीत तिला बसवली. तिचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकले. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभा राहिलो.

खुर्ची करकरली, थांबली, परत करकरली. तिचा श्वास जोरात यायला लागला. माझा हात दारावर गेला, मी तो काढला. आत काहीतरी धपकन वाजलं. पडली, मला वाटलं, पण तिनं सांगितलं होतं, हाकेशिवाय यायचं नाही. मी डोळे मिटून हाकेची वाट बघत राहिलो. आतून काहीच आवाज येईना.

मग दार आतून उघडलं.

चौकटीला धरून शालन उभी होती. केस सुटलेले, गळा घामानं निथळत होता, पायांना कापरं भरलेलं. तिच्यामागं खुर्ची मागच्या मागं उलटून पडली होती.

"दारात राखन करत बसलाय व्हय?" ती धापा टाकत म्हणाली. "माप घ्या की. किती हाय?"

मी टेप काढला आणि खुर्ची सरळ करून तिच्यापाशी खाली बसलो. टेप लावला, पण आकडा काही केल्या दिसेना.

"सांगा की वं, किती?" ती माझ्या डोक्यावर उभी राहून विचारत होती.